रक्तही निळे, कॉलरही निळी

प्रश्न : इंग्रजीत ‘फीलिंग ब्लू’ म्हणजे उदास वाटणे, ‘ब्लू ब्लड’ म्हणजे खानदानी कुळ आणि ‘ब्लू कॉलर’ म्हणजे अंगमेहनतीचे काम करणारा वर्ग. एकाच रंगवाचक शब्दाला इतके विसंगत अर्थ कसे चिकटले?

उत्तर : हे सारे अर्थ निळेपणातूनच निघाले असावेत असे आपण धरून चालतो आणि तेथेच घोटाळा होतो. तुमच्या तीन उदाहरणांपैकी उदासीचा अर्थ तेवढा मनोभावाशी जोडलेला आहे. बाकी दोहोंच्या मुळाशी डोळ्यांना दिसणारी वस्तू आहे. स्पेनमधील कॅस्टीलची काही उमराव घराणी आपल्या रक्तात मूरांचा (उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांचा) अंश नाही असे मिरवीत आणि गोऱ्या कातडीखालच्या निळसर शिरा पुरावा म्हणून दाखवीत. ‘ब्लू ब्लड’ हे ‘निळे रक्त’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दांचे शब्दशः भाषांतर आहे. कामगाराची कॉलर निळी, कारण कारखान्यात मळखाऊ निळे सदरे सोयीचे पडत.

‘ब्लूप्रिंट’चे उदाहरण याहून बोलके आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधलेल्या पद्धतीत लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर पारदर्शक कागदावरचा आराखडा ठेवून तो उन्हात धरीत. प्रकाश लागलेला भाग निळा होई, रेषांखालचा भाग धुतल्यावर पांढरा राही. आज ती निळाई उरलेली नाही, तरी कोणत्याही तपशीलवार योजनेला ‘ब्लूप्रिंट’ म्हणतात. ‘ब्लू चिप’ शेअर, म्हणजे बड्या, भरवशाच्या कंपनीचा शेअरही असाच, पोकर या पत्त्यांच्या जुगाराच्या डावातील सर्वाधिक मोलाच्या निळ्या चकतीवरून आलेला.

‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे आपले ‘सठी-सहामासी’. एकाच महिन्यातील दुसऱ्या पौर्णिमेला ‘ब्लू मून’ म्हणण्याची रूढी मात्र अमेरिकेतील एका खगोलविषयक मासिकाने 1946 मध्ये केलेल्या चुकीतून पसरली. अशी पौर्णिमा 19 वर्षांत साधारण सात वेळा येते, म्हणजे वाक्प्रचार सुचवतो तितकी ती दुर्मिळ नाही. 31 जुलै 2015 रोजी ती होती, आणि चंद्र नेहमीच्याच रंगाचा होता.

म्हणून भाषांतर करताना ‘निळा’ हा शब्द आधी बाजूला ठेवावा. ‘ब्लू-आइड बॉय’ हा निळ्या डोळ्यांचा मुलगा नव्हे, तो साहेबांच्या खास मर्जीतला माणूस. आणि ‘आउट ऑफ द ब्लू’ म्हणजे ध्यानीमनी नसताना, कारण येथील ‘ब्लू’ म्हणजे निरभ्र आकाश.