शब्दांची सोबत : इंग्रजीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी इंदुरात एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करते. घरात मराठी बोलतो, शिक्षण मात्र हिंदी माध्यमातून झाले. इंग्रजीचे व्याकरण मी मेहनतीने शिकले आणि माझ्या ई-मेलमध्ये काळाच्या किंवा वचनाच्या चुका सहसा निघत नाहीत. तरीही साहेब म्हणतात, "वाक्य बरोबर आहे, पण इंग्रजीत असे म्हणत नाहीत." वाक्प्रचारांची पुस्तके पाठ करून पाहिली, पण लिहायला बसले की त्यांतले काहीच आठवत नाही. नेमके काय शिकावे?

उत्तर : साहेबांनी दाखवलेला दोष व्याकरणाचा नाही, त्यामुळे व्याकरणाचे पुस्तक पुन्हा उघडून तो जाणार नाही. इंदूरच्या मराठी घरांत हाच प्रकार नेहमी घडतो. शाळेतून आलेली नात 'मी रांगोळी बनवली', 'दादाने फोटो खेचला' असे म्हणते आणि आजी तिथल्या तिथे 'काढली म्हण, काढला म्हण' असे सांगते. नातीच्या वाक्यात कर्ता, क्रियापद, लिंग सगळे जागच्या जागी असते. फक्त मराठीत रांगोळीला 'काढणे' लागते आणि तिथे हिंदीतले 'बनाना' शिरलेले असते. आजीला यामागचा नियम विचारलात तर तिला तो सांगता येणार नाही, कारण तसा नियमच नाही. ते दोन शब्द वर्षानुवर्षे एकमेकांसोबत वापरले गेले, इतकेच. इंग्रजीतल्या अशा जोड्यांना कॉलोकेशन म्हणतात आणि तुम्हाला शिकायच्या आहेत त्या याच.

ही अडचण एकट्या आपली नाही. जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या हॅरल्ड पामर यांनी १९३३ साली टोकियोत अशा जोड्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला होता. पुढे १९५७ साली जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञांनी लिहिले की शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबतीवरून. हेच फर्थ १९२०च्या दशकात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते.

मराठी माणसाची गाडी मुख्यतः 'करणे' आणि 'देणे' या दोन क्रियापदांपाशी अडते. आपण चूक करतो, प्रयत्न करतो आणि गृहपाठही करतो. इंग्रजीत चुकीला मेक, प्रयत्नालाही मेक, पण होमवर्कला डू लागते. लक्ष आपण देतो, इंग्रजीत ते पे करतात. आपल्याला सर्दी होते, इंग्रजीत ती कॅच करतात. कडक चहाला स्ट्राँग चालते म्हणून जोराच्या पावसालाही स्ट्राँग म्हणावे, तर चालत नाही. तिथे हेवीच हवे. हिंदीतही 'करना' आणि 'देना' बहुतेक ठिकाणी आपल्यासारखेच चालतात, त्यामुळे दोन्ही भाषा मिळून चुकीच्या जोडीला दुजोरा देतात आणि कानाला काही खटकत नाही.

पुस्तके पाठ करून उपयोग का झाला नाही, हेही यातूनच कळते. त्या पुस्तकांत मांजरे आणि कुत्री पडणाऱ्या पावसासारखे चमकदार वाक्प्रचार असतात, जे हिशेबाच्या ई-मेलमध्ये कधीच लागत नाहीत, आणि 'मेक'च्या जोड्या एका पानावर, 'डू'च्या दुसऱ्या पानावर अशी मांडणी असते. लिहिताना मात्र मनात आधी नाम येते. आपल्याला 'पेमेंट'विषयी काही सांगायचे असते आणि क्रियापद शोधायचे असते. म्हणून वही नामांनुसार करा, आणि नामे तुमच्या टेबलावरचीच घ्या. 'पेमेंट' लिहून त्याखाली मेक, रिसीव्ह, डिले ही क्रियापदे आणि ओव्हरड्यू हे विशेषण लिहा. इनव्हॉइस रेझ करतात, बिल सेटल करतात, अकाउंट रिकन्साइल करतात. डेडलाइनपाशी तर आपण हमखास फसतो. 'मुदतीत काम पूर्ण झाले' हे मनात असल्यामुळे आपण 'वी कम्प्लीटेड द डेडलाइन' लिहितो, पण डेडलाइन मीट करतात किंवा मिस करतात. कम्प्लीट होते ते काम.

जोडी सुटी लिहू नका. ज्या वाक्यात ती भेटली ते अख्खे वाक्य उतरवून घ्या. बँकेची पत्रे, परदेशी ग्राहकांचे ई-मेल, इंग्रजी दैनिकाचे व्यापारविषयक पान यांत रोजच्या उपयोगाचा पुष्कळ माल मिळतो. शंका आली तर विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी शब्दकोशात क्रियापदाऐवजी नाम उघडा; त्याच्या उदाहरणवाक्यांत योग्य क्रियापद बहुतेक वेळा सापडतेच. वहीच्या डाव्या बाजूला मराठी आशय आणि उजवीकडे इंग्रजी वाक्य ठेवा, उजवी बाजू झाकून ते वाक्य आठवा आणि त्याच आठवड्यात एखाद्या खऱ्या ई-मेलमध्ये वापरा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा शेवटचाच आहे, कारण नुसते वाचून ओळखीची झालेली जोडी लिहिताना आपणहून पुढे येत नाही.

प्रश्न : माझा मुलगा आयईएलटीएसची तयारी करत आहे. तो 'गिव्ह द एक्झाम' म्हणतो. आम्हीही आयुष्यभर तेच म्हणत आलो. ते बदलायला हवे का? आणि 'डू द नीडफुल'चे काय?

उत्तर : मराठीत आणि हिंदीत परीक्षा 'देतात', म्हणून भारतात 'गिव्ह' रुळले आणि इथे ते सर्वांना समजते. ब्रिटन-अमेरिकेत मात्र परीक्षार्थी एक्झाम 'टेक' करतो. 'गिव्ह' म्हटले तर परीक्षा घेणाऱ्याविषयी बोलणे चालले आहे असे वाटेल. आयईएलटीएसच्या लेखन आणि संभाषण या दोन्ही चाचण्यांत शब्दसंपत्तीला एक चतुर्थांश वजन असते आणि शब्दांच्या जोड्या त्याच निकषात मोजल्या जातात, तेव्हा त्याने आतापासूनच 'टेक' म्हणावे. 'डू द नीडफुल' ही जुन्या ब्रिटिश कचेरीतली भाषा आहे. आपल्या कार्यालयांत ती अजून चालते, पण बाहेर जुनाट वाटते, शिवाय समोरच्याने नेमके काय करायचे ते तिच्यातून कळत नाही. त्याऐवजी 'प्लीज अप्रूव्ह द इनव्हॉइस बाय फ्रायडे' असे काम आणि दिवस सांगून लिहावे.