अकाउंटंटच्या नोकरीत स्वतःच्या आवडीला जागा राहते का?

तुम्ही विचारलंय, बीकॉमनंतर अकाउंट्सची नोकरी धरली तर जन्मभर आकडेच नशिबी येतात, की स्वतःच्या आवडीनिवडीलाही वेळ मिळतो. मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीचे हिशेब बघतो. वेळ मिळतो, पण तो महिनाभर सारखा मिळत नाही, हे आधीच समजून घ्या.

आमचा महिना तारखांवर चालतो. ७ ला टीडीएस (कापून घेतलेला कर भरणं), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचा जीएसटी तपशील), १५ ला पीएफ-ईएसआय (कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी आणि विमा), २० ला थ्रीबी (जीएसटीचा भरणा). या दिवसांत लग्नाचं आमंत्रण आलं तरी पहिली नजर तारखेवर जाते. २० उलटली की जरा श्वास घेता येतो. मार्चअखेर आणि सप्टेंबरमधली ऑडिटची धावपळ सोडली, तर त्यानंतरचे रविवार तुमचे. घरच्यांनाही हे वेळापत्रक एकदा समजावून सांगा, निम्मी कुरबुर तिथेच मिटते.

माझी सुरुवात पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या एका आडत्याकडे झाली. तिथले मुनीमकाका व्याज तोंडी काढायचे. ‘शेकडा दीड, तीन महिने’ एवढं म्हटलं की आकडा तयार. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर मी पुढे क्लास लावून शिकलो, पण मेळ कसा घालायचा ते त्यांनी शिकवलं. रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, एक रुपया कमी पडला तर तो सापडेपर्यंत दुकानाचं शटर खाली येत नसे.

आता आवडीबद्दल. मला नाशिकजवळच्या पांडवलेण्यातल्या, म्हणजे प्राचीन बौद्ध लेण्यांतल्या, शिलालेखांचं वेड आहे. १० नंबरच्या लेण्याच्या ओसरीत उषवदाताचा लेख आहे. हा इथे राज्य करणाऱ्या नहपान या क्षत्रप राजाचा जावई. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, वय सुमारे १,९०० वर्षं. त्यात त्याने दिलेल्या दानाचा पूर्ण व्यवहार नोंदवलाय. ३,००० कार्षापणं (त्या काळची चांदीची नाणी) त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेव म्हणून दिली. एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा एक. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, खर्च फक्त व्याजातून. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर, राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी (भिक्खूंच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापणं द्यायची.

आता कागदावर मांडा. २,००० वर महिन्याला २०, वर्षाचे २४०. इकडे २० भिक्खू गुणिले १२, तेही २४०. एका कार्षापणाचाही फरक नाही! त्याच लेखात ७०,००० कार्षापणांचं आणखी एक दान आहे: ३५ ला एक सुवर्ण (सोन्याचं नाणं) या दराने २,००० सुवर्ण. तोही गुणाकार चोख. शिवाय हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर रीतसर नोंदवलं, हेही लिहून ठेवलंय. मी हा हिशेब पहिल्यांदा ताळून पाहिला तेव्हा आनंदाने भरून आलं. कुणीतरी आपल्याच धंद्यातला माणूस मसुदा लिहायला बसलेला असणार, असं आजही वाटतं. ट्रस्टच्या ताळेबंदात आपण कायम निधी (ज्याचं मुद्दल खर्चायचं नसतं) वेगळा दाखवतो ना, त्यामागचं तत्त्व नेमकं हेच. आणि ते गोवर्धन म्हणजे गंगापूर रोडवरचं आपलं गोवर्धन गाव, असं अभ्यासक मानतात.

लेखांवरून मी नाण्यांकडे वळलो. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नहपानाची १३,००० हून जास्त नाणी, आणि त्यातल्या बहुतेकांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. चांदी तीच, वजन तेच, फक्त सत्ता बदलली. नाणी वितळवून नवी पाडायचा खर्चही वाचला, हा अर्थात माझा हिशेबनिसाचा तर्क. नाण्यांची गोडी लागलीच तर त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेचं संग्रहालय सवडीने बघा.

बरेच जण सल्ला देतात की अकाउंटंटने छंद तरी आकड्यांपासून लांबचा धरावा. मला हे पटत नाही. माणूस आकड्यांना कंटाळत नाही, दुसऱ्याच्या घाईला कंटाळतो. इतकी वर्षं घासून कमावलेली नजर रविवारी घरी का ठेवायची? तुम्हाला गाणं आवडत असेल तर गाणंच करा, पण आकड्यांपासून पळायचं म्हणून काहीतरी धरू नका. ते टिकत नाही.

आणि छंदातून पैसे कमवायच्या फंदात निदान सुरुवातीला पडू नका. मला रविवारी पैसे घेऊन लोकांना लेणी दाखवायला सुचवलं गेलं, मी नाही म्हटलं. मित्रांना, त्यांच्या मुलांना फुकट आणि पोटभर दाखवतो. पैसे घेतले की वेळ दुसऱ्याची होते, मग एका अक्षरापाशी अर्धा तास उभं राहता येत नाही.

ब्राह्मी वाटते तेवढी अवघड नाही. आधी क, ग, न, म, र ही सुटी अक्षरं वहीत गिरवा, मग काना-वेलांट्या. लेण्यावर जाताना बॅटरी घेऊन जा आणि उजेड समोरून न टाकता बाजूने तिरका टाका, कोरीव अक्षरं लगेच उठून दिसतात. लेख उंचावर आहेत, तेव्हा साधी दुर्बीण असली तर उत्तम. अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा पाणी मात्र कधीही लावू नका. नाशिकला आलात तर कळवा, २० तारखेनंतरचा रविवार धरा.