नाताळची सजावट : जुन्या पेटीतले आणि झाडाखालचे

प्रश्न : घरातल्या एका जुन्या पेटीत नाताळच्या झाडावर टांगायचे काचेचे गोळे सापडले. काहींचा रंग उडाला आहे, तर काहींच्या आतला रुपेरी थर काळा पडला आहे. ते किती जुने असतील, कसे पुसावेत आणि पुन्हा रंगवून घेतले तर चालेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते अधिक तातडीचे आहे : कृपया रंगवू नका. अशा गोळ्यांत चांदीचा थर काचेच्या आतल्या बाजूला आणि रंगाचा पातळ थर बाहेरच्या बाजूला असतो. जुना रंग काचेवर पक्का भाजलेला नसल्यामुळे नुसत्या ओल्या फडक्यानेही तो निघून येतो, आणि त्यावर नवा रंग चढवला की जे काही शिल्लक होते तेही झाकले जाते. आतला काळेपणा तर बाहेरून कोणत्याही उपायाने जाणार नाही. तो राहू द्यावा. माझ्या मते जुन्या गोळ्याचे सौंदर्य बरेचसे त्या डागांतच असते.

वयाचा अंदाज मुख्यतः वजनावरून आणि टोपीवरून बांधता येतो. जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातील लाउशा या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून असे गोळे फुंकून तयार होऊ लागले. जाड काचेचा, हातात जड लागणारा आणि वर नक्षीदार पितळी टोपी असलेला गोळा बहुधा त्या जुन्या परंपरेतला असतो. अमेरिकेत १९३९ साली कॉर्निंग कंपनीने विजेचे दिवे बनवण्याच्या यंत्रावर असे गोळे काढायला सुरुवात केली. त्यांची काच पातळ आणि आकार एकसारखा असतो. पुढे दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा आतली चांदी गेली आणि धातूच्या टोपीची जागा पुठ्ठ्याने घेतली. म्हणून पारदर्शक काच, तिच्यावर रंगाचे बारीक पट्टे आणि वर पुठ्ठ्याची टोपी असा साधासुधा गोळा हाती आला, तर तो गरिबीचा समजून बाजूला टाकू नका. पेटीतला सर्वांत बोलका तुकडा कदाचित तोच असेल. मात्र जुन्या गोळ्यांवर नवी टोपी बसवलेली असू शकते, त्यामुळे केवळ एका खुणेवर विसंबून निष्कर्ष काढू नये.

स्वच्छ करण्यासाठी कोरडा, अगदी मऊ केसांचा ब्रश पुरेसा आहे. पाणी वापरू नये आणि काच पुसण्याचे द्रव तर मुळीच वापरू नये, कारण त्यातल्या अमोनियाने रंग उतरतो आणि ओलावा मानेतून आत शिरला तर चांदी सुटते. गोळा टोपीला धरून उचलू नये. खाली तळहात ठेवावा. झाडावर टांगताना त्याला खोडाजवळची जाड फांदी द्यावी, टोकाची डुलणारी नव्हे. सण संपल्यावर प्रत्येक गोळा आम्लविरहित पातळ कागदात वेगळा गुंडाळून खोक्यात ठेवावा. वर्तमानपत्राची शाई उतरते आणि बंद प्लास्टिक पिशवीत दमटपणा कोंडतो, म्हणून ही दोन्ही टाळावीत; छपराखालचा तापणारा माळाही टाळलेला बरा.

प्रश्न : पाइनचे शंकू, वाळलेल्या शेंगा आणि फांद्या गोळा करून आणल्या आहेत. त्यांतून घरात किडे येतील का? शिवाय काही शंकू आणल्यावर मिटले आहेत.

उत्तर : मिटलेले शंकू बिघडलेले नाहीत. शंकूच्या प्रत्येक खवल्यात दोन थर असतात आणि ओलावा मिळाला की ते कमीजास्त प्रमाणात फुगतात. त्यामुळे दमट हवेत खवले मिटतात आणि कोरड्या हवेत पुन्हा उघडतात. शंकू झाडावरून गळून पडल्यावरही ही हालचाल थांबत नाही, हे मला दरवेळी नवलाचे वाटते.

किड्यांची शंका रास्त आहे. शंकू झटकून माती काढावी, ट्रेवर कागद पसरून त्यावर एका थरात मांडावेत आणि ओव्हनमध्ये सुमारे ९० ते ९५ अंश सेल्सिअसला अर्धा ते एक तास ठेवावेत. या उष्णतेने किडे मरतात, खवले उघडतात आणि चिकट राळ वितळून शंकूवर हलकी चकाकी येते. राळ ज्वालाग्राही असल्याने या काळात ओव्हनपासून दूर जाऊ नये. ओव्हन नसेल तर शंकू काही दिवस कडक उन्हात पसरावेत. मात्र किडे मारण्याच्या बाबतीत ऊन तितके भरवशाचे नाही.

हिरव्या फांद्यांची देठे तिरकी कापून रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवल्यास त्या घरात अधिक काळ टवटवीत राहतात. हात फिरवताच पाने झडू लागली, तर त्या फांद्या लगेच काढून टाकाव्यात, कारण वाळलेली सदाहरित फांदी झपाट्याने पेट घेते. नाताळच्या सजावटीत वापरल्या जाणाऱ्या हॉली या काटेरी पानांच्या झुडपाची लाल फळे, मिसलटो हे बांडगूळ आणि विशेषतः यू हे सदाहरित झाड विषारी आहेत. लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात यू आणूच नये. आणि एक विनंती : खाली पडलेलेच उचला. दगडफूल फार हळू वाढते, ते खरवडू नये. रिकामे वाटणारे घरटेही जागीच राहू द्यावे. त्यात बारीक कीटक असतात आणि काही देशांत ते उचलणे कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न : जुने आणि रानातले एकत्र मांडले की सगळे भंगाराच्या दुकानासारखे दिसू लागते. काय करावे?

उत्तर : निम्म्या वस्तू पुन्हा पेटीत ठेवाव्यात. उरलेल्यांपैकी चकाकणाऱ्या गोष्टी खडबडीत गोष्टींच्या शेजारी येतील असे पाहावे : काळवंडलेला गोळा शंकूंच्या मधोमध, पितळी मेणबत्तीदाणी उघड्या लाकडावर. शंकूंना सोनेरी फवारा मारण्याचा मोह होतो, पण तसे केले की ते बाजारच्या वस्तूंसारखे दिसू लागतात आणि जुन्या काचेची चकाकी त्यांच्यापुढे फिकी पडते.

प्रश्न : त्याच पेटीत जुनी दिव्यांची माळ, चमकीच्या पट्ट्या आणि कृत्रिम बर्फाचा पुडा आहे. वापरू का?

उत्तर : माळ फक्त शोभेसाठी ठेवा, तिला वीज जोडू नका, जुन्या तारांवरचे आवरण तडकलेले असते. जड, लोंबत्या चमकीत शिसे असण्याची शक्यता आहे. अमेरिकेत अशी चमकी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारातून गेली, त्यापूर्वीची असेल तर मुलांच्या हाती देऊ नये. बर्फाचा पुडा मात्र उघडूच नका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असा काही बर्फ ॲस्बेस्टॉसचा असे आणि त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात. पुडा न झटकता दुहेरी पिशवीत बंद करावा आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे द्यावा.