जासूदाचा खेळ आणि बाबांची ठेव

प्रश्न: मी २९ वर्षांचा आहे. इंदूरला रामबागेत आईबाबांबरोबर राहतो. सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत चार वर्षं चार महिने झाले, हातात ५८,००० रुपये पडतात. रात्री आणि रविवारी एकटाच रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम, बनवतो. तीन वर्षांत दोन लहान गेम इच.आयओ या गेमच्या संकेतस्थळावर फुकट ठेवले. लोक खेळले, काहींनी आपणहून पैसेही पाठवले. आता एक मोठा गेम डोक्यात आहे. १७८० च्या सुमारास महेश्वरहून पत्रं घेऊन पुण्याला निघालेला जासूद. नर्मदा, सेंधव्याचा घाट, खानदेश, नाशिक, पुणे. वाटेत कोणावर विश्वास ठेवायचा ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. तीस तासांचा खेळ, मराठी आणि इंग्रजीत. नोकरी सोडून दोन वर्षं त्यालाच द्यावीत असं वाटतं. नवा कॉम्प्युटर, चित्रं, संगीत, भाषांतर मिळून खर्च सहा लाख. माझी चार लाखांची एफडी आहे, सव्वातीन लाख म्युच्युअल फंडात, पीएफ वेगळा. कर्ज नाही. बाबा निवृत्त शिक्षक आहेत, ते ज्येष्ठ नागरिक योजनेतली पाच लाखांची ठेव मोडायला तयार आहेत. आत्या म्हणते, सरकारनं गेमवर बंदी घातली आहे. काय करू?

उत्तर: आत्याबाईंची काळजी आधी दूर करू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं जो कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. एकदा विकत घ्यायचा आणि घरी बसून एकट्यानं खेळायचा गेम त्यात येत नाही. त्यांना हे नीट समजावून सांगा, कारण घरातली अशी एक शंका पुढे दहा वेळा डोकं वर काढते.

आता मुख्य गोष्ट. राजीनामा आत्ता देऊ नका. बाबांची ठेव मोडू नका. गेम मात्र बनवा, आणि स्वतःचे पैसे घालून बनवा.

"गेम मात्र बनवा" हे मी उगाच लिहिलेलं नाही. तुमच्या पत्रात दोनच वाटा दिसतात: गेम फुकटात, रात्री जागून, चोरट्यासारखा करायचा, नाहीतर नोकरी सोडून त्याचा धंदा करायचा. मधली वाट आपल्या इंदूरच्या मराठी घरांना चांगली ठाऊक आहे. माझे काका बँकेत नोकरी करून तीस वर्षं हौशी नाटकं करत होते. दर दिवाळीला ते त्या वर्षीच्या नाटकाचे पैसे बाजूला काढत. नेपथ्य, कपडे, तालमीचा चहा, बाहेरगावच्या प्रयोगाचं भाडं. त्यातला एक रुपया परत येईल अशी अपेक्षा त्यांनी कधी धरली नाही आणि काकूंना ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त मागितला नाही. हौसेला मोल नाही असं आपण म्हणतो. माझ्या मते हौसेला मोल असतं आणि ते आधी ठरवलं की हौस तीस वर्षं टिकते.

तुमच्या बेताचा हिशेब मांडून पाहू. २४ महिन्यांचा बुडालेला पगार १३ लाख ९२ हजार. त्यात सहा लाख खर्च मिळवा. जवळपास वीस लाखांचा हा गेम झाला. आता मिळकतीची बाजू. समजा स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, किंमत १० डॉलर ठेवलीत. सवलतीच्या दिवसांत विकलेल्या प्रती, भारतासारख्या देशांतली कमी किंमत, परत आलेल्या प्रती (१४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम तिथं परत करता येतो) हे सगळं धरून मी सरासरी पाच डॉलर पकडतो. त्यातला ३० टक्के वाटा स्टीमचा, राहिले साडेतीन. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो, इथली बँक शुल्क घेते, राहिले ३.२ डॉलर. डॉलर ८८ रुपयांचा धरला तर एका प्रतीमागे तुमच्या हातात सुमारे २८० रुपये. वीस लाख भरून निघायला सात हजारांवर प्रती विकायला हव्यात, आणि त्याही एकट्या, पहिल्याच पैसे देऊन घ्यायच्या गेमच्या. पाच डॉलरचा आकडा माझा अंदाज आहे. तुम्ही तो बदला, किंमत वाढवा, हिशेब पुन्हा करा. उत्तर फारसं सुखाचं येणार नाही.

हाच गेम एक लाख ऐंशी हजारांत (कसा ते पुढे सांगतो), नोकरी सांभाळून झाला तर? साधारण ६४० प्रती. ६४० माणसं शोधणं हे एकट्या माणसाच्या आवाक्यातलं काम आहे. आणि ती नाही मिळाली तरी घरात कोणाची झोप उडत नाही.

तुम्ही पत्रात पुढे स्टारड्यू व्हॅलीचं उदाहरण दिलं आहे: एकट्या एरिक बरोनने केलेला आणि २०१६ मध्ये जगभर गाजलेला गेम. त्याला साडेचार वर्षं लागली. त्या काळात तो सिएटलमधल्या एका नाट्यगृहात लोकांना जागा दाखवायचं अर्धवेळ काम करत होता आणि घराचा बराच भार त्याच्या जोडीदारानं उचलला होता. म्हणजे त्यालाही कोणीतरी पोसतच होतं. तुमच्या बाबतीत ते काम तुमचा पगार करतो आहे. आणि तुम्ही दोन वर्षं म्हणता, त्याची चार झाली तर सहा लाख कुठून पुरणार? दुसरं उदाहरण मी देतो. अंडरटेल या गेमच्या टोबी फॉक्सनं २०१३ मध्ये आधी डेमो, म्हणजे गेमचा नमुना, लोकांच्या हातात दिला, मग लोकवर्गणीत ५,००० डॉलर मागितले; ५१,००० वर जमले. गेम २०१५ मध्ये आला. लोकांना हवा आहे हे कळलं आधी, पैसे आले मागून. हा क्रम लक्षात ठेवा.

आता गेमच्या आकाराबद्दल. मी गेम बनवत नाही, पण तुमचं पत्र वाचून एवढं कळतं की या प्रकारात खर्च मजकुराचा असतो. पळापळीच्या गेममध्ये एकच नियम शंभर वेळा वापरता येतो. तुमच्या गेममध्ये प्रत्येक गाव, प्रत्येक सराई, प्रत्येक माणसाचं बोलणं नव्यानं लिहायचं, काढायचं, तपासायचं. जासूदानं नावाड्यावर विश्वास ठेवला तर एक वाट, नाही ठेवला तर दुसरी. दोन्ही लिहायच्या, दोन्ही खेळून पाहायच्या, दोन्हीचं भाषांतर करायचं. भाषांतराचा दर शब्दावर असतो. तीस तासांचा खेळ म्हणजे तुम्ही स्वतःवर घेतलेलं कर्जच आहे, फक्त ते तासांत फेडायचं आहे. आठवड्याला बारा तास मिळतात असं तुम्ही लिहिता; वर्षाचे सहाशे झाले. त्या सहाशे तासांत महेश्वर ते सेंधवा बसेल का? घाटावरून निघायचं, नर्मदा ओलांडायची, सातपुड्याच्या पायथ्याशी पहिला विश्वासघात, आणि तिथं पहिला भाग संपला. तीन तासांचा, पण पुरा झालेला. खरं सांगतो, हा भाग वाचतानाच मला तो खेळावासा वाटला. पुणं पुढच्या भागात येऊ दे.

पैशाची सोय अशी करा. पत्रात लिहिल्याप्रमाणे घरात १८,००० देता, स्वतःचा खर्च १२,०००, एसआयपी १०,०००. उरतात १८,०००. त्यातले १५,००० दर महिन्याला एका वेगळ्या बचत खात्यात टाका, वर्षाचे एक लाख ऐंशी हजार होतील. गेमचा प्रत्येक खर्च त्याच खात्यातून. खातं रिकामं झालं की त्या महिन्यात चित्रकाराला काम द्यायचं नाही. एफडीला हात लावायचा नाही; ती तुमच्या तेरा महिन्यांच्या खर्चाची तरतूद आहे. एसआयपी थांबवायची नाही.

चित्रांना ९०,०००, संगीताला ३५,०००, इंग्रजी मजकूर जाणकाराकडून तपासून घ्यायला १६,०००, स्टीमची १०० डॉलर फी म्हणजे ८,८००. (ही फी गेमची कमाई हजार डॉलर झाल्यावर परत मिळते.) दीड लाख झाले, तीस हजार हाताशी राहू द्या, ते लागणारच. दीड लाखाचा नवा कॉम्प्युटर नको. द्विमितीय गेमला आहे तो पुरतो, फार तर रॅम वाढवा आणि बॅकअपसाठी एक चांगली डिस्क घ्या. गेम बनवायला गोडो हे सॉफ्टवेअर वापरता हे उत्तम: मोफत आहे, विक्रीवर हिस्सा मागत नाही. तसलंच सॉफ्टवेअर देणाऱ्या युनिटीनं सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं आणि वर्षभरानं मागे घेतलं. त्या वर्षात छोट्या लोकांचे हिशेब किती डळमळले असतील ते तुम्हीच माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

चित्रकार ओळखीचा असला तरी त्याच्याशी कागद करा. याबाबत मी फार आग्रही आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. कागदात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरली जातात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमचा गेम जगभर विकला जाणार आणि कदाचित दहा वर्षांनीही. म्हणून "कायमस्वरूपी" आणि "जगभर" हे दोन शब्द आलेच पाहिजेत. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या: पहिलं गाव हातात आलं की पहिला हप्ता. संगीतकारालाही हेच लागू.

तुमच्या स्वतःच्या नेमणूकपत्राकडेही पाहा. नोकरीत असताना केलेल्या कामाचे हक्क कंपनीचे, असं कलम अनेक ठिकाणी असतं आणि काही ठिकाणी ते कामाच्या वेळेबाहेरही पोचतं. कंपनीच्या लॅपटॉपवर गेमची एक फाइलही उघडू नका. एचआरकडून लेखी परवानगी घ्या. तोंडी "चालेल हो" उद्या कोणी मानणार नाही.

आठ महिन्यांनी तुमची पाच वर्षं भरतात. तुमचा मूळ पगार २६,००० आहे, म्हणजे ग्रॅच्युइटी १५ भागिले २६ या सूत्रानं वर्षाला निदान १५,०००, पाच वर्षांचे निदान ७५,०००. उद्या राजीनामा दिलात तर हे हातचे जातात. पीएफही पाच वर्षांच्या आत काढला तर करपात्र होतो.

सगळ्यात निकडीचं काम आरोग्य विम्याचं आहे. आईबाबा तुमच्या कंपनीच्या पॉलिसीवर आहेत आणि बाबांना मधुमेह आहे. नोकरी सुटली की ते छत्र जातं. आईबाबांची स्वतंत्र पॉलिसी याच महिन्यात सुरू करा. आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. तो तुम्ही नोकरीत असतानाच सरू दे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झाला आहे. मधुमेहाची गोष्ट अर्जात लपवू नका, एजंट काहीही म्हणो.

कराचं थोडक्यात. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर तुम्हाला कर नाही, त्यामुळे गेमच्या थोड्या कमाईनं फरक पडणार नाही. पण ती कमाई रिटर्नमध्ये दाखवावीच लागते आणि मग पगारदारांचा "सहज" नावाचा फॉर्म चालत नाही. स्टीमची करविषयक प्रश्नावली काळजीनं भरा: भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवर १५ टक्के कापतात, कागद अपुरे असले तर ३०. या दोन्हींसाठी एकदा सीएकडे जाऊन या.

राजीनाम्याचा विचार केव्हा करायचा? माझी अट अशी: डेमो तयार करा, स्टीमवर पान लवकर उघडा, नेक्स्ट फेस्ट या स्टीमच्या डेमो-महोत्सवात भाग घ्या. तो वर्षातून तीनदा असतो पण एका गेमला एकदाच जाता येतं, म्हणून अर्धकच्चा डेमो घेऊन जाऊ नका. त्याआधी महिनाभराची बिनपगारी रजा मिळाली तर घ्या. ५८,००० जातील, ते मला योग्य वाटतात. गेम विक्रीला आल्यावर पहिल्या बारा महिन्यांत खर्च वजा जाता साडेतीन लाख, म्हणजे तुमच्या वर्षाच्या पगाराचा अर्धा, हाती आले तर पुन्हा पत्र लिहा. तेव्हा मी स्वतः तुमच्याबरोबर राजीनाम्याचा हिशेब मांडीन.

राहिली बाबांची ठेव. ८.२ टक्क्यांनी पाच लाखांवर त्यांना तिमाहीला १०,२५० रुपये मिळतात. दोन वर्षं झाल्यावर मोडली तर एक टक्का, म्हणजे ५,००० कापले जातील. ते सोसता येईल, तिमाहीचे पैसे बंद होणं सोसणार नाही. दूध, औषधं, विजेचं बिल त्यातूनच जात असणार. तरी त्यांनी देऊ केली, कारण मुलाच्या कामात त्यांना हात लावायचा आहे. नुसतं "नको" म्हणून परतवू नका. तुम्ही लिहिलं आहे की १७८० ची मराठी तुम्हाला जमत नाही. जासूदाचे संवाद छापून त्यांच्याकडे द्या, सोबत लाल पेन. शाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे काम कसं करायचं ते सांगावं लागणार नाही.