जुन्या बंगल्यातली नक्षीची फरशी काढावी का?

तुम्ही विचारलंय, सोलापुरात रेल्वे लाइन्स भागात १९४०च्या सुमाराचा दुमजली बंगला घेतलाय, हॉलमध्ये नक्षीच्या सिमेंट फरश्या आहेत, बाकीकडे शहाबादी. सगळं उकरून इटालियन मार्बल घालू की मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स?

कळकळीनं सांगते, आत्ताच काही उकरू नका.

आमचं आजोबांचं घरही त्याच काळातलं. एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून आम्ही पुढच्या खोलीत व्हिट्रिफाइड बसवली. दोन पावसाळ्यांत भिंतीचा गिलावा कमरेपर्यंत फुगला. अशा कित्येक घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थरच नसतो. जमिनीतली ओल इतकी वर्षं फरशीतून आणि सांध्यांतून हळूहळू उडून जात होती. व्हिट्रिफाइड जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, म्हणजे वाट बंदच झाली. ओल भिंतीत चढली. शेजारच्या खोलीत जुनी फरशी आहे, तिथली भिंत आजही कोरडी आहे.

एखाद्या सकाळी गुडघ्यावर बसा आणि नाण्यानं एकेक फरशी वाजवून बघा. घट्ट बसलेली टणटण वाजते, खालून सुटलेली बद्द. बद्द वाजेल तिच्यावर खडूनं फुली मारा. आमच्या अख्ख्या हॉलमध्ये अकराच निघाल्या. मग ओलं फडकं फिरवा. राखाडी, मेलेल्या वाटणाऱ्या फरशीतून तांबडा नि हिरवा रंग असा वर येतो की हात थांबतो.

सुटलेल्या तेवढ्या उचलून पुन्हा बसवून घ्या. फुटलेल्यांच्या जागी नव्या करून मिळतात. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज १९२२ पासून याच कामात आहे. पॉलिशवाल्याला मात्र बजावून सांगा, रंगाचा थर काही मिलिमीटरचाच असतो, घासायचा खरखरीत दगड लावला की नक्षी गेली. आणि ॲसिड अजिबात नको. ते सिमेंट खातं आणि शहाबादीही, कारण ती चुनखडीच आहे. शहाबादी फुटली असेल तर काळजी नाही, शहाबाद गाव आपल्या सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावरच आहे, रंग जुळवून लाद्या मिळतात.

मार्बल दिसायला देखणं, पण लिंबू किंवा चिंचेचं पाणी सांडलं की चकाकी जाते. शेंगाचटणीचं तेल मुरलं तर डाग निघता निघत नाही. जेवणाच्या खोलीत तरी मी घालणार नाही. बाथरूममध्ये खुशाल खरखरीत मॅट टाइल्स लावा.

माडीला लाकडी तुळया असतील तर आहे त्या फरशीवर दुसरी चढवू नका. वजन वाढतं, ते आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. शिवाय उंची वाढली की सागवानी दारं खालून तासावी लागतात, उंबरे बुडतात.

काढताना एखादी अखंड फरशी हाती लागली तर मलब्यात जाऊ देऊ नका. आमच्या जिन्याखाली अशा सहा ठेवल्या होत्या, त्यातल्या चार मागच्या वर्षी देवघरासमोर लागल्या.