प्रथम भाषेच्या रकान्यात काय लिहू?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या बाईंनी बेळगावातल्या एका मिशन हायस्कूलमध्ये ३१ वर्षं गणित शिकवलं आहे.)

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगी गावच्या सरकारी मराठी शाळेतून सातवी पास झाली. गणितात वर्गात पहिली. तिला बेळगावला मिशनच्या हायस्कूलात आठवीला घालायचं ठरलंय, इंग्लिश मीडियमला. माहितीपत्रकात कॉम्प्युटर, संगीत, स्काऊट-गाईड, स्पोकन इंग्लिश असं बरंच काही आहे. पण फॉर्मवर 'प्रथम भाषा' असा एक रकाना आहे, त्यात काय लिहायचं ते कळेना. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, 'इंग्लिश लिहा, सगळे तेच लिहितात.' मुलीची मराठी सुटणार का? – एक आई

उत्तर : ताई, त्या रकान्यापाशी तुम्ही थांबलात, हे फार चांगलं केलंत. अख्ख्या फॉर्ममध्ये पुढची तीन वर्षं ठरवणारी जागा तेवढीच आहे, आणि बहुतेक पालक ती ऑफिसातल्या माणसाकडून भरून घेतात.

आधी एक घोळ सोडवूया. माध्यम वेगळं आणि प्रथम भाषा वेगळी. माध्यम म्हणजे गणित, विज्ञान आणि समाज विज्ञान कोणत्या भाषेतून शिकायचं ते. प्रथम भाषा हा स्वतंत्र विषय आहे, आणि एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीच्या परीक्षेला, सगळ्यात जास्त गुणांचा. तिला १२५ गुण : १०० लेखी, २५ अंतर्गत. बाकीच्या विषयांना ८० लेखी आणि २० अंतर्गत. म्हणजे इंग्लिश मीडियममध्ये बसलेल्या मुलीची प्रथम भाषा मराठी असू शकते. कर्नाटक बोर्डाच्या प्रथम भाषांच्या यादीत कन्नड, इंग्रजी, उर्दू यांच्याबरोबर मराठीही आहे.

पण बोर्डाच्या यादीत आहे म्हणून शाळेत मिळेलच असं नाही. त्यासाठी वेळापत्रकात तास लागतो आणि तो घेणारं माणूस लागतं. म्हणून ऑफिसात न विचारता हेडमास्तरांना किंवा सिस्टरांना भेटा आणि सरळ विचारा : इंग्लिश मीडियमच्या मुलांना प्रथम भाषा मराठी घेता येते का? शिकवतं कोण? आठवड्याला तास किती? गेल्या वर्षी दहावीला या विषयाला किती मुलं बसली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळालं तर विषय खरोखर चालू आहे असं समजा. 'बघू, मुलं जमली तर करू' असं म्हणाले तर नाही असं समजा.

मिळत असेल तर तुमच्या मुलीसाठी मी मराठीच लिहीन. मग उरलेल्या दोन भाषा इंग्रजी आणि कन्नड. हिंदी जाईल, हे खरं. इंग्रजी प्रथम घेतली तर बहुतेक ठिकाणी दुसरी कन्नड, तिसरी हिंदी किंवा संस्कृत, आणि मराठीला जागाच राहत नाही. हिंदी पुढे कानावर पडून येते. निबंध लिहिण्याइतकी मराठी कानावर पडून येत नाही. शिवाय तुमची मुलगी यंदा एकदम किती गोष्टी बदलणार आहे बघा : गाव सोडून शहर, चालत जाण्याची शाळा सोडून सकाळची लाल बस, मराठी सोडून इंग्रजी पुस्तकं. दिवसातला एक तास तरी तिला न अडखळता हात वर करता यावा.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा फॉर्म भरला त्या दिवशी मी शेजारी उभी होते. क्लार्कनं निळ्या शाईनं त्या रकान्यात नुसता 'ई' लिहिला आणि पुढचा कागद ओढला. मी शिक्षिका असून बोलले नाही, मागे रांग होती म्हणून. नववीच्या शेवटी बहीण म्हणाली, बदलून घेऊया. तोवर दोन वर्षांची मराठीची पुस्तकं मागे पडली होती. आज तो चांगला इंजिनिअर आहे, पण आईला मराठीत मेसेज पाठवायचा तर बोलून पाठवतो, लिहीत नाही. त्या दिवशी मी तोंड उघडायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

आता गणिताचं. मुलगी पहिली येणारी आहे, म्हणून हे जास्त महत्त्वाचं. मराठी शाळेतून आलेली हुशार मुलं आठवीच्या पहिल्या चाचणीत खाली जातात आणि घरचे म्हणतात, 'पोरगीला झेपेना.' गणित झेपत असतं, शब्द झेपत नसतात. एकदा जंगलभागातल्या एका गावाहून आलेली मुलगी जूनभर माझ्या वर्गात गप्प बसलेली. मी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढून विचारलं, 'हायपोटेन्यूज कुठला?' ती खाली बघत राहिली. मग मी काहीच न बोलता खडू तिरक्या बाजूवरून फिरवला. ती हळूच म्हणाली, 'कर्ण.' पुढचा सगळा पायथागोरस तिनंच सांगितला, मराठीत. त्या दिवशी मी तिला एक लांब वही दिली, मधोमध रेघ मारून. डावीकडे कर्ण, उजवीकडे हायपोटेन्यूज. डावीकडे लसावि, उजवीकडे एलसीएम. व्यस्त प्रमाण, इन्व्हर्स प्रपोर्शन. दिवाळीपर्यंत वहीची अकरा पानं भरली आणि त्यानंतर तिला वहीची गरज लागली नाही. पुढे दरवर्षी जूनमध्ये अशा मुलांसाठी मी वह्या आणून ठेवायचे.

तुम्हाला हे सुट्टीतच करता येईल. कर्नाटक सरकारची पाठ्यपुस्तकं मराठी माध्यमातही निघतात आणि इंग्रजीतही. गणिताचा मजकूर तोच, आकृत्या त्याच. मुलीचं सातवीचं मराठी पुस्तक आहेच. त्याच इयत्तेचं इंग्रजी पुस्तक कुणाकडून तरी जुनं मिळवा. दोन्ही शेजारी उघडून रोज दोन पानं. नवं काही शिकवू नका. जे येतं त्याचीच नावं तिला दुसऱ्या भाषेत कळू द्या.

कन्नडला घाबरू नका, आणि ती कितव्या नंबरची भाषा आहे याच्यावरून तिची किंमतही करू नका. वर्णमाला आपलीच आहे. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ ही दोन अक्षरं तेवढी जास्त. या मुलीला उद्या इथल्याच बँकेत, दवाखान्यात, कचेरीत उभं राहायचं आहे. तिला कन्नड चांगलीच यायला पाहिजे.

माहितीपत्रकातल्या बाकीच्या गोष्टी चांगल्याच आहेत, पण त्या एसएसएलसीचे विषय नव्हेत. चित्रकला, शारीरिक शिक्षण, कार्यानुभव यांना श्रेणी मिळते. गाईडमध्ये मात्र जरूर घाला. लाजऱ्या मुलींना त्याचा फार उपयोग होतो.

प्रश्न : मिशनच्या शाळेत बायबलचा तास सक्तीचा असतो का? त्याला मार्क असतात का? आमच्याकडे वारी आहे, माळ आहे, म्हणून विचारतो. – एक वडील, निपाणी

उत्तर : सक्ती करता येत नाही. राज्यघटनेच्या कलम २८ (३) मध्ये स्पष्ट आहे की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. एसएसएलसीच्या सहा विषयांत बायबल नाही, त्यामुळे मार्कलिस्टवर ते येत नाही.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. आमच्या शाळेत आठवड्यातून दोनदा पहिल्या तासाला ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला वेगळ्या खोलीत जायची आणि बाकीची मुलं नीतिशिक्षणाला माझ्याकडे बसायची. त्या तासाला पुस्तक होतं, पण मी ते बाजूला ठेवायचे. एकदा मैदानात एका मुलाला फीचे पैसे सापडले आणि त्यानं दोन दिवसांनी आणून दिले. ते दोन दिवस त्याला कसे गेले, हे त्यानं वर्गाला सांगितलं. तो तास माझ्या मुलांनी वर्षानुवर्षं लक्षात ठेवला. सकाळच्या असेंब्लीत प्रार्थना असते, ती सगळ्यांसाठी असते. प्रवेशाच्या वेळीच विचारा की प्रार्थना कोणती आणि मूल नुसतं उभं राहिलं तर चालतं का. माझ्या अनुभवात चालतं. माळेबद्दलही तेव्हाच बोला. गणवेशाचे नियम शाळेगणिक वेगळे असतात, आणि जूनमध्ये वर्गात विषय निघाला तर मूल अवघडतं.

आणि 'मिशन' म्हणजे एकच संस्था नव्हे, हेही ध्यानात घ्या. लंडन मिशनचे पाद्री बेळगावात १८२० ला आले, त्यांचं काम १९०४ मध्ये मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाकडे गेलं. बेननस्मिथ हायस्कूल त्या परंपरेतलं. कॅम्पातलं सेंट पॉल्स १८५६ चं, जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांचं. सिस्टरांच्या शाळा आणखी वेगळ्या. एकीतला नियम दुसरीत असेलच असं नाही, म्हणून शेजाऱ्याच्या मुलाच्या शाळेवरून आपल्या शाळेचा अंदाज बांधू नका.

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती, घरी कोंकणी, शाळेत मराठी. मुलाला कोंकणी विषय घेता येईल काय? – खानापूर

उत्तर : कर्नाटकात २००७ पासून सहावीपासून पुढे कोंकणी तिसरी भाषा म्हणून घेता येते, देवनागरीत किंवा कन्नड लिपीत. तुमच्या मुलाला देवनागरी येतेच. अडचण शिक्षकाची. तुमच्या चर्चमधली आणखी दहा-पंधरा घरं मिळून शाळेकडे लेखी मागणी करा. एकट्या पालकाला मिळतं ते उत्तर आणि पंधरा सह्यांच्या कागदाला मिळतं ते उत्तर, यांत मी खूप फरक पाहिला आहे.

प्रश्न : दहावीनंतर पीयूसीला (अकरावी-बारावीला) मराठी राहते का? मुलीला सायन्स घ्यायचंय.

उत्तर : राहू शकते. पीयूसीला दोन भाषा आणि चार विषय असतात, आणि भाषांच्या यादीत मराठी आहे. सायन्सला बहुतेक मुलं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी हे चार घेतात; कॉलेजं त्याला पीसीएमबी म्हणतात. बायॉलॉजी नको असेल तर तिथे कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स. इथेही तोच प्रश्न आधी विचारा : या कॉलेजात मराठी शिकवणारं कोणी आहे का?

प्रश्न : नातीच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी विषयच नाही. ती आता आठवीत. सून म्हणते, घरी बोलतो तेवढं पुरे. मी निवृत्त पोस्टमास्तर, वय ७४. मी काही करू शकतो का? – शहापूर

उत्तर : काका, तुम्हीच करू शकता. तिला आणखी एक शिकवणी लावू नका, ती कंटाळेल. संध्याकाळी चहाच्या वेळी पंधरा मिनिटं घ्या, आणि सुनेला सांगा की अभ्यासाच्या वेळेतून घेणार नाही. घरी मराठी पेपर येत असेलच. पहिल्या महिन्यात फक्त मथळे, मोठ्यानं. दुसऱ्या महिन्यात एक बातमी पूर्ण, मग तिनं ती तुम्हाला दोन ओळींत लिहून द्यायची. शुद्धलेखन लगेच सुधारू नका. तुम्ही पोस्टात होता, तुमच्याकडे जुनी पत्रं, आंतर्देशीय, मनीऑर्डरच्या पावत्या असतील. त्यातली एक-एक काढून तिला वाचायला द्या. कुणाचं अक्षर कसं, पत्ता कसा लिहायचे, हे सांगा. जोडाक्षरावर ती अडेल. अडली की तुम्ही सांगू नका, थोडं थांबा. ती पुन्हा पहिल्यापासून तो शब्द जुळवेल.