उन्हाळी शिबिर आणि चार ते सहा वर्षांची मुलं : वाचकांचे प्रश्न

परीक्षा संपत आल्या की शिबिरांची पत्रकं पेपरातून घरात पडू लागतात. या वेळच्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं सहा वर्षांच्या आतल्या मुलांविषयी होती, म्हणून हे पान त्यांनाच दिलं आहे. उत्तरं बालशिबिरं चालवणाऱ्या आणि लहान मुलांना मातीकाम शिकवणाऱ्या मंडळींची आहेत.

प्रश्न : कोल्हापुरात कसबा बावड्यात आमच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे. मी आणि माझी नणंद मिळून मे महिन्यात चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दहा दिवसांचं शिबिर घ्यायचं म्हणतोय. ओळखीतूनच वीस नावं आली आहेत. किती मुलं घ्यावीत? वेळ आणि फी कशी ठरवावी?

वीस घेऊ नका, दहा घ्या. हिशेब असा करा : एका मुलाला शू लागली की तुमच्यापैकी एकीला त्याच्याबरोबर जिना उतरून खाली जावं लागणार. तेवढी पाच-सात मिनिटं गच्चीवर एकच बाई आणि बाकीची सगळी मुलं. एकटीच्या नजरेत नऊ मुलं कशीबशी मावतात, एकोणीस मावत नाहीत. कॉलेजला जाणारी एखादी भाची रोज पूर्ण वेळ येणार असेल तर चौदापर्यंत जा. उरलेल्यांची दुसरी तुकडी पुढच्या पंधरवड्यात घ्या.

वेळ सकाळी आठ ते साडेदहा. अकरानंतर पत्र्याखाली सावली असली तरी वरून धग उतरते, आणि पोरं आधी चिडचिडी होतात, मग मलूल. पत्र्याच्या वर वीतभर तरी अंतर सोडून हिरवी शेडनेट ताणली तर पुष्कळ फरक पडतो. नेट थेट पत्र्यावर टाकली तर तितका पडत नाही, कारण मधून हवा खेळत नाही. संध्याकाळची बॅच मोहक वाटते, पण आपल्याकडे मे महिन्यात वळीव येतो तो दुपारनंतरच. पहिला गडगडाट ऐकू आला की मुलांना गच्चीवरून खाली खोलीत आणायचं. विजेच्या बाबतीत उघडी पत्र्याची शेड हा आसरा नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत वर जायचं नाही.

कठडा चार फुटांपेक्षा कमी असेल तर आधी जाळी लावून घ्या, मग पत्रक छापा. कठड्याजवळ स्टूल, कुंडी, पाण्याचं पिंप, उलटी बादली असं काहीही नको. चार वर्षांचं पोर चढायला पायरी शोधतंच.

दिवसाची आखणी ढोबळ ठेवा. पहिली वीस मिनिटं येतील तशी मुलं ठोकळ्यांशी नाहीतर खडूने फरशीवर खेळतात. मग गाणी आणि उड्या. पावणेनऊला मुख्य हातकाम, तीस-पस्तीस मिनिटं. ते खाऊच्या आधीच घ्या, खाऊनंतर मुलं बसत नाहीत. साडेनऊच्या सुमाराला हात धुणं आणि खाऊ, मग सावलीतला खेळ आणि शेवटी गोष्ट. हात धुवायला दहा मुलांना दहा मिनिटं लागतात, आणि वेळापत्रक बहुतेक वेळा इथेच कोसळतं. दोन बादल्या आणि दोन मग ठेवा, पाच-पाच जणांना सोडा.

एका दिवशी एकच हातकाम. पत्रकात रोज चार गोष्टी लिहिल्या तर पालक खूश होतात हे खरं. पण चौथ्या वर्षी मूल एखाद्या कामात रमायलाच दहा मिनिटं घेतं आणि रमलं की तुम्ही ते काम उचलून नेता.

सलग दहा दिवस घेण्यापेक्षा सोमवार ते शुक्रवार असे दोन आठवडे घ्या. लग्नसराईत शनिवार-रविवारी हजेरी अशीही अर्ध्यावर येते. एप्रिलमध्येच सुरू करायचं असेल तर चैत्र पौर्णिमेचे दिवस टाळा. जोतिबाच्या यात्रेला बरीच घरं डोंगरावर असतात आणि रस्तेही भरलेले.

फी ठरवताना माती, कागद, रंग, फेव्हिकॉल, खाऊ, प्यायच्या पाण्याचे जार, मदतनीस मुलीचं मानधन हे सगळं एकत्र मांडा आणि त्याला दहाने नव्हे, आठाने भागा. दोन मुलं ऐनवेळी मामाच्या गावाला जाणार हे धरूनच चाला. त्यावर तुमच्या दोघींचे श्रम. फॉर्ममध्ये चार गोष्टी हव्यातच : कशाची ॲलर्जी आहे का, चालू औषध, दोन फोन नंबर आणि मुलाला न्यायला कोण येणार त्यांची नावं. त्या यादीत नसलेला माणूस सख्खा काका म्हणाला तरी आईला फोन झाल्याशिवाय मूल सोडायचं नाही. राग येईल, येऊ द्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या शिबिरात मुलांनी शाडूचे बैल केले. दोन दिवसांत बहुतेकांना भेगा पडल्या, काहींचे पाय आणि शिंगं गळाली. मुलं हिरमुसली. कुठे चुकतं? (शाहूपुरी)

शाहूपुरीत राहून हा प्रश्न पडला तर कुंभार गल्ली दोन पावलांवर आहे. गणपतीचं काम उन्हाळ्यातच सुरू झालेलं असतं, तिथे उभं राहून मळलेला शाडू एकदा हाताने दाबून पाहा. निम्मं कळेल.

उरलेलं निम्मं असं. कोरड्या शाडूत एकदम पाणी ओतू नका. किलोला तीनशे ते साडेतीनशे मिली पाण्यापासून सुरुवात करा, तेही थोडं थोडं. कालवून ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवा आणि सकाळी दहा-पंधरा मिनिटं मळा. बोटाएवढी जाड वळी करून ती बोटाभोवती गुंडाळा. वळीला चिरा गेल्या तर ओल कमी आहे, तळव्याला चिकटली तर जास्त. मुठीत घट्ट धरून सोडल्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटले आणि हात जवळजवळ कोरडा राहिला की माती तयार. मुलामागे तीनशे ग्रॅमचा गोळा पुरतो. त्याहून मोठा दिला की काम जाड होतं, आणि जाड काम वाळताना फाटतं.

भेगांचं पहिलं कारण बहुधा मुलांसमोरची पाण्याची वाटी. मुलं पुन्हापुन्हा हात बुडवून बैल गुळगुळीत करतात. वरचा थर आतल्यापेक्षा ओला होतो, वाळताना जास्त आकसतो आणि फाटतो. वाटी काढून घ्या. प्रत्येकाला पिळून घेतलेला स्पंजचा तुकडा द्या, बोट त्यावर टेकवायचं आणि मग मातीवर फिरवायचं.

दुसरं कारण बुड. बैल फळीवर किंवा प्लॅस्टिकवर ठेवला तर पाय तिथेच चिकटतात, अंग आकसतं आणि पाय जागचे हलत नाहीत, मग तडा जातो तो बरोबर पायाच्या वर. खाली वर्तमानपत्राच्या दोन घड्या घाला. कागद मातीबरोबर सरकतो.

गळालेली शिंगं ही बहुतेक वरून नुसती चिकटवलेली असतात. या वयाच्या मुलांना पाय आणि शिंगं वेगळी करून जोडायला लावूच नका. गोळ्याला आधी लांबट बटाट्याचा आकार द्यायचा. मग खालून चार ठिकाणी चिमटीत धरून माती ओढायची, ते पाय. आखूड आणि जाड, अंगठ्याएवढे. पुढच्या टोकाला मान वर ओढून तिथेच दोन चिमट्या काढल्या की शिंगं. वशिंडही वर चिमटूनच. असा बैल दिसायला जरा मेंढ्यासारखा होतो, पण तो उभा राहतो आणि गळत नाही. शेपटी अंगावर टेकलेली ठेवा. काही जोडायचंच असेल तर दोन्ही बाजूंना काडीने आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, मध्ये दह्याइतकी पातळ केलेली माती लावायची आणि दाबून किंचित फिरवायचं.

वाळवणं हे मोठ्यांचं काम. पहिला दिवसभर आणि रात्र ओल्या, पिळलेल्या फडक्याखाली. नंतर चार-पाच दिवस सावलीत, पंख्याच्या झोतापासून दूर, रोज एकदा आडवा करून पोटाला हवा देऊन. उन्हात ठेवलात की शिंगं तासात वाळतात, पोट ओलंच राहतं आणि मध्ये चीर. म्हणून दहा दिवसांच्या शिबिरात मातीकाम दुसऱ्या दिवशी घ्या आणि रंगकाम नवव्या. बरीच शिबिरं माती शेवटच्या आठवड्यात घेतात आणि ओले बैल घरी पाठवतात. ते रिक्षातच मोडतात.

रंगवताना हे लक्षात ठेवा की शाडू भाजलेला नाही, पाणी लागलं की पुन्हा माती. पोस्टर कलर घट्ट वापरायचा, ब्रश एकाच जागी घासायचा नाही. बारीक भेगा पडल्याच तर कोरडी शाडूची पूड आणि फेव्हिकॉल यांचा लुकण भरा, रात्रभर ठेवा, मग रंग. बेंदराला हेच बैल पूजेत मांडता येतात, आणि मुलांना तेच हवं असतं.

प्रश्न : राजारामपुरीत एका शिबिरात अबॅकस, कोडिंग, पाश्चात्त्य नृत्य, संस्कार, कॅलिग्राफी, फोनिक्स असं सगळं तीन तासांत आहे. मुलगी सव्वाचार वर्षांची. घालावं का?

त्या वयाला अबॅकस आणि कॅलिग्राफीचा उपयोग नाही, पेन्सिलीची पकडच अजून पक्की झालेली नसते. यादी सोडा आणि चालू शिबिर सकाळी नऊच्या सुमाराला स्वतः पाहून या. पाहू देत नसतील तर तिथेच विषय संपला. दाराशी माणूस आहे का, स्वच्छतागृहात मुलांबरोबर कोण जातं, मुलामागे मोठी माणसं किती, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, एवढं विचारा. मुलांचे फोटो कुठे टाकणार तेही विचारा आणि नको असेल तर लेखी द्या.

प्रश्न : नातू चार वर्षांचा. शिबिराच्या दाराशी रडून गोंधळ घालतो. सूनबाई म्हणते, त्याचं लक्ष नसताना निघून यायचं. बरोबर आहे का? (फुलेवाडी)

नाही, आजी. गुपचूप गेलात तर दुसऱ्या दिवशी तो दाराशी तुमचा पदर दुप्पट घट्ट धरेल, कारण तुम्ही कधीही नाहीशा होऊ शकता हे त्याला कळलेलं असतं. सांगून निघा, पण लवकर निघा : "खाऊ खाऊन झाला, गोष्ट झाली की मी येते." साडेदहा त्याला कळत नाही, गोष्ट कळते. मग खिडकीशी रेंगाळायचं नाही. रोज त्याला एकाच ताईने हाताशी घ्यावं, आज ही उद्या ती असं नको. पहिले दोन दिवस तासाभराने घरी न्या. बहुतेक मुलं पाच-दहा मिनिटांत गप्प होतात. चौथ्या दिवशीही पूर्ण वेळ रडत असेल, खात-पीत नसेल तर यंदा राहू द्या. आणि न्यायला मात्र सांगितलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर.

प्रश्न : खाऊला भडंग चालेल ना? टिकतं, स्वस्त आहे, मुलांना आवडतं.

शेंगदाणे काढून, आणि तिखट कमी करून. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष हे पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतं, त्यातही हसत-पळत खाल्लं तर. शेंगदाण्याचा कूट चालतो, ॲलर्जीचा फॉर्म पाहून. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करा. खाऊ बसूनच खायचा. मुलांना स्वतः काही करायला द्यायचं असेल तर लिंबू सरबत उत्तम : पिळणं, ढवळणं, चव घेणं, सगळं त्यांचं. बर्फ नको, माठाचं पाणी घ्या.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाला पाठीला डबा बांधून पोहायला घालायचं आहे. त्याच्या बाबांना तसंच शिकवलं होतं.

पाठीवरचा डबा पाठीला वर उचलतो, म्हणजे तोंड पाण्याकडे जातं. मोठं मूल हात मारून मान वर ठेवतं, पाच वर्षांचं दमलं की ठेवू शकत नाही. पट्टा ओला होऊन सैल झाला तर डबा कमरेखाली सरकतो आणि डोकंच खाली जातं. ट्यूबमधून मूल निसटतं किंवा ट्यूबसकट उलटं होतं. यातलं काहीही आधार म्हणून धरू नका. या वयाला विहीर नको. उथळ टाकी हवी आणि शिकवणारा पाण्यात, हाताच्या अंतरावर. काठावरून शिट्टी वाजवणारा नव्हे. एका शिक्षकामागे दोन मुलं. सुरुवात तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढण्यापासून, मग काठ धरून पाय मारणं, मग शिक्षकाच्या हातावर उताणं तरंगणं. वीस-पंचवीस मिनिटं पुरेत, ओठ निळसर दिसले किंवा दात वाजू लागले तर वेळ संपायची वाट न पाहता बाहेर. बुडणारं मूल ओरडत नाही, त्यामुळे काठावर बसलेल्या पालकाने मोबाइल पिशवीत ठेवावा.

प्रश्न : शिबिरात मुलांनी कपात कोथिंबीर पेरली. शिबिर संपलं तरी उगवली नाही. बी खराब होतं का? (कळंबा)

बी ठीक असावं. कोथिंबिरीला आठ ते बारा दिवस लागतात, उन्हाळ्यात कधी जास्तच. शिबिरात मेथी पेरा, तीन ते पाच दिवसांत वर येते. मेथ्या रात्रभर भिजवा, कपाच्या बुडाला दोन भोकं पाडा, बी नखाएवढ्या मातीने झाका. दहा मुलं दहा वेळा पाणी घालतात आणि बी कुजतं, तेव्हा पाणी चमच्याने, दिवसातून दोनदा. आणि जे कप अजून घरात आहेत ते फेकू नका. धणे अख्खेच पेरले असतील तर थोडे हातांखाली चोळून दोन पाकळ्या करून त्याच मातीत पुन्हा टाका.